पंधरावी चूक

सोमवारी सकाळी साडेदहाला त्या मुलीनं उणेसरांच्या टेबलावर त्यांच्याच जुन्या शोधनिबंधाची प्रत ठेवली, सतरावं पान उघडलं, एका ओळीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "सर, इथं एक चिन्ह चुकलंय."

सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग टेबलावरचा दिवा लावून वाचली, जशी काही उजेडात ती चूक विरघळणार होती. नाही विरघळली.

त्यांना उणेसर का म्हणायचे ते आधी सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट. एकतीस वर्षांपूर्वी सरांनी त्रेचाळीस पानांचा एक शोधनिबंध लिहिला. विषय काय, तर जिथं काहीच नाही अशा रिकाम्या पोकळीचा दाब किती. निबंधाच्या शेवटी एक सूत्र होतं, सूत्रात दोन पदं होती आणि त्या दोन पदांच्या मधे उणे होतं. त्याआधी जगात सगळ्यांना वाटायचं की तिथं अधिक असणार. सरांनी सिद्ध केलं, उणे. बस्स, एवढंच. पण सैद्धांतिक भौतिकशास्त्रात एवढ्यावर माणसाचा जन्म निघतो. सरांचा निघाला. नोकरी निघाली, बढती निघाली, अकराशे लोकांनी आपापल्या निबंधात त्या सूत्राचा आदरानं उल्लेख केला. वापरलं मात्र कुणीच नव्हतं. उल्लेख करणं आणि वापरणं यात केवढं अंतर असतं, ते त्या धंद्यातल्या माणसांनाच विचारा.

शिकवायचेही ते हेच. दर वर्षी परीक्षेत पंधरा गुणांना तो प्रश्न ठरलेला. पोरं दोन पानं काहीतरी खरडायची, मधेच अधिक यायला लागलं की घाबरायची आणि शेवटच्या ओळीत हळूच उणे घालून मोकळी व्हायची. उत्तर उणे आहे हे सगळ्यांना ठाऊकच होतं. अशा एकतीस तुकड्या पास झाल्या. आताच्या विभागप्रमुख बाईसुद्धा त्यातल्याच.

आणि ही मुलगी? ती सरांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. विभागात तिला चिवट म्हणायचे. सरांचं सूत्र खरोखर वापरणारी ती जगातली पहिली. त्या सूत्रावरून जग किती काळ टिकतं ते काढायचं, हा तिचा विषय. तिनं काढलं. उत्तर आलं की जग जन्मल्या जन्मल्या मिटतं. पापणी लवायलाही वेळ मिळत नाही. म्हणजे सर नाहीत, विभाग नाही, चहावाला नाही, कुणी नाही.

"तुझं कुठंतरी चुकलंय," सर म्हणाले होते. "पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. जग पुन्हा मिटलं. असं तीन वर्षांत सात वेळा झालं, आणि सातही वेळा सर तेच म्हणाले. तिच्याबरोबरच्या पोरी नोकरीला लागल्या, एकीचं बाळ बोलायला लागलं, आणि ही अजून आपली चूक शोधतेय. शेवटी स्वतःच्या वहीत शोधायला जागाच उरली नाही, तेव्हा तिनं सरांचा निबंध उघडला. सतराव्या पानावर थांबली.

"शुक्रवारी दगड बसायचाय," सर पुटपुटले.

दगडाचं खरंच होतं. महिनाअखेर सर निवृत्त होणार, म्हणून विभागाच्या दारात पुरुषभर उंचीचा काळा दगड उभा करून त्यावर सूत्र कोरायचं ठरलं होतं. शुक्रवारी अकराला कुलगुरू पडदा बाजूला करणार. पाथरवट कामाला लागलाही होता. दारातून त्याचं ठक्‌ठक्‌ ऐकू येत होतं.

"घाबरू नकोस," सर स्वतः घामाघूम होत मुलीला म्हणाले. "चिन्हाची चूक एकटी नसते. दुसरी असणारच कुठंतरी. उणेवर उणे, दोन्ही गेली. आपल्याला फक्त आणखी एक चूक सापडायला हवी."

आता हे बाहेरच्या माणसाला वेड्यासारखं वाटेल. पण या लोकांचं असंच असतं. एका चुकीनं बोंब होते, दोन चुकांनी सगळं ठाकठीक. सर वर्गात सांगायचेच, "बाळांनो, चिन्हाच्या चुका करायच्या तर सम संख्येत करा." पोरं हसायची. सोमवारी सरांना हसू येत नव्हतं.

विभागप्रमुख बाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, मग तोच हात फोनवर टाकला. तासाभरात सगळा विभाग सेमिनारच्या खोलीत. त्रेचाळीस पानं वाटली गेली, माणशी तीन. समितीला नाव मिळालं 'चूकशोध समिती', आणि सापडलेल्या चुकांचा आकडा म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी मोठ्ठा एक काढला.

कुणीतरी म्हणालं, सरळ नव्यानं गणित करू या की. तिघांनी केलं. दोघांचं उणे आलं, एकाचं अधिक, आणि तिघं एकमेकांचे कागद हिसकावून घेत असे भांडले की बाईंना मधे पडावं लागलं. "नव्यानं केलं तर नव्या चुका होणार," त्या म्हणाल्या. "जुन्याच मोजा. त्या निदान छापलेल्या आहेत."

सर खाली दारात गेले आणि पाथरवटाला म्हणाले, "मामा, मधलं चिन्ह जरा थांबवा. नक्की नाहीये."

पाथरवटानं टाकी खाली ठेवली. "म्हणजे आडवी रेघ की आडवी-उभी, ते ठरलं नाही?"

"नाही."

"मग आडवी मारून ठेवतो," तो म्हणाला. "उणे निघालं तर कामच झालं. अधिक निघालं तर उभी मारायला पाच मिनिटं. उलटं केलं आणि फसलं, तर मात्र दगडच बदलावा लागेल. खोदलेलं मला पुसता येत नाही."

सर त्याच्याकडे बघतच राहिले. एकतीस वर्षांत त्या इमारतीत इतकं स्वच्छ कुणी बोललं नव्हतं.

मंगळवारी दुपारी आठव्या पानावर दुसरी चूक सापडली. खोलीत असा जल्लोष झाला की खालच्या मजल्यावरचे रसायनवाले धावत वर आले, त्यांना वाटलं स्फोट झाला. सरांना मिठ्या मारल्या गेल्या. "अभिनंदन सर, दोन चुका!" चहा आला. चहा संपायच्या आत कोपऱ्यातला एक पोरगा चाचरत म्हणाला, "बाविसाव्या पानावर पण काहीतरी आहे." तीन. सगळ्यांचे चेहरे पडले. त्या पोराशी संध्याकाळपर्यंत कुणी बोललं नाही.

पुढचे दोन दिवस काय झालं ते विचारू नका. आकडा चार झाला की सर थोर, पाच झाला की त्यांच्याकडे बघायची पंचाईत. बुधवारी सकाळी सहा होते तेव्हा कार्यालयातल्या बाबूनं सरांना वाकून नमस्कार केला; दुपारी सात झाले तेव्हा त्याच बाबूनं ओळखपत्र मागितलं. नऊवर तर दोन तट पडले, कारण नववी चूक ही मुळात चूकच नव्हती असं एका तटाचं म्हणणं. मतदान झालं. चूक बहुमतानं चूक ठरली. आणि सर? सर मागच्या बाकावर बसून फळ्यावरचा आकडा बघायचे. आयुष्यभर एक चूक होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, आणि आता आणखी एक होऊ दे म्हणून मनातल्या मनात हात जोडत होते. आपण एवढे गचाळ आहोत याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि आणखी थोडे गचाळ असतो तर बरं, असंही वाटत होतं.

गुरुवारी चार वाजता आकडा चौदावर आला. सम. बाईंनी घड्याळ बघितलं, खडू खाली ठेवला आणि समिती बरखास्त केली. पाचच मिनिटांत नोटीस लागली: 'सदर शोधनिबंधात चौदा चुका असल्यामुळे तो बरोबर आहे. यापुढे कोणीही चूक शोधू नये. शोधल्यास कारवाई करण्यात येईल.'

सरांचा जीव भांड्यात पडला. ते आपल्या खोलीत आले, तर दारात चिवट उभी.

"सर, म्हणजे माझं पुन्हा चुकलं," ती म्हणाली. ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "बाई म्हणाल्या, आठव्यांदा करा. मला नाही जमणार सर. सात वेळा प्रत्येक ओळ तपासलीय. मला आता बेरीज करतानाही भीती वाटते. दुकानात सुटे पैसे घेतले तरी तीनतीनदा मोजते." आणि तिनं एक कागद पुढे केला. संशोधन सोडत असल्याचा अर्ज. सरांची सही हवी होती.

सरांना काहीतरी म्हणायचं होतं. ते म्हणाले, "उद्या बघू." आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

शुक्रवारी सकाळी दहाला सर बायकोच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे पडलेले होते. बायको दातांची डॉक्टर. चार दिवस दातओठ खाऊन सरांची दाढ अशी ठणकायला लागली होती की भाषण सोडा, चहाही जात नव्हता. तिनं भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस कोंबला आणि बजावलं, "दोन तास बोलायचं नाही. जीभ चावून ठेवाल."

आठवडाभराचं सगळं पुराण तिनं ऐकलं होतं. दाढ कोरता कोरता म्हणाली, "मला तुमचं ते काही पटत नाही हं. एक दात किडला म्हणून शेजारचाही किडवून घेतला, तर तोंड निरोगी झालं का?"

"आँ," सर म्हणाले.

"चौदा किडके दात घेऊन माणूस माझ्याकडे आला, तर मी त्याला दगडावर नाही कोरत, घरी बोलावून चार गोष्टी सुनावते." तिनं दाढेची एक्स-रे फिल्म उजेडासमोर धरली. कपाळाला आठी घातली. "हे काय? अगंबाई, उलटीच धरली की. वरची दाढ खाली, खालची वर."

तिनं फिल्म फिरवली. आणि खुर्चीतले सर ताडकन उठून बसले.

"आँ! आँ आँ!"

"दुखलं?"

सरांनी जोरजोरात मान हलवली, तिच्या टेबलावरची औषधाच्या चिठ्ठ्यांची वही ओढली आणि लिहिलं: 'पान एकोणतीस. इंटिग्रेशनची वरची मर्यादा खाली लिहिली, खालची वर. अशानं चिन्ह उलटतं. पंधरा.'

ते पान त्यांना पाठ होतं. समितीनं ते दोनदा तपासलं होतं, पण सगळ्यांनी चिन्हं मोजली. वरचं खाली आणि खालचं वर झालंय का, हे कुणी बघितलंच नाही. एकतीस वर्षांपूर्वी पाठकोऱ्या कागदावरून उतरवून घेताना स्वतः सरांनीही बघितलं नव्हतं.

बायकोनं वाचलं. "कुणाला ठाऊक आहे?"

सरांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

"आणि सोळावी नसेल कशावरून?"

सरांनी पेन उचललं. मान वळवून बाहेर बघितलं. दवाखान्याच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. एक बाई भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत होती, सायकलवाला घंटी वाजवत होता, कुत्रं मजेत अंग खाजवत होतं. सगळं होतं. मिटलेलं नव्हतं. सरांनी लिहिलं: 'जग आहे ना अजून. उणे असतं तर नसतं.'

"एवढं मी लग्न झाल्यापासून सांगतेय," बायको म्हणाली. "मान वर करून बाहेर बघा म्हणून." मग तिचा आवाज उतरला. "अहो, पण आज गप्प बसलात तरी चालण्यासारखं आहे. नोटीसच लागलीय. दोन तास बोलूही नका असं डॉक्टरनं सांगितलंय. एकतीस वर्षं ते सूत्र म्हणजेच तुम्ही आहात. मला तुमचं फार वाईट वाटतंय हो."

सरांनी खिशात हात घातला. हाताला चिवटीच्या अर्जाची घडी लागली. ते उठले आणि चप्पल घालून चालू लागले.

अकराला विभागाच्या दारात खुर्च्या मांडलेल्या होत्या. कुलगुरू पहिल्या रांगेत. दगडावर निळा पडदा. बाजूला पाथरवट आपली हत्यारांची पिशवी घेऊन उभा. पडदा निघाल्यावर फडकं मारायचं काम त्याच्याकडे होतं. चिवट अगदी शेवटच्या खुर्चीवर, भिंतीला टेकून.

बाईंनी भाषण केलं. पोकळी, उणे, परंपरा, सगळं आलं त्यात. कुलगुरूंनी दोरी ओढली. पडदा सुळकन घसरला. काळ्या दगडावर लखलखीत सूत्र, आणि मधोमध ती आडवी रेघ. टाळ्या.

"सर, दोन शब्द," बाई म्हणाल्या.

सर उठले. अर्धा चेहरा बधिर, एक गाल फुगलेला, ओठाचा कोपरा लोंबतोय. ते माइककडे गेलेच नाहीत. सरळ पाथरवटासमोर जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला.

पाथरवटानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग दगडाकडे. हळूच विचारलं, "उभी?"

सरांनी मान डोलावली.

"मी मारू?"

सरांनी नकार दिला. पाथरवटानं टाकी आणि हातोडा त्यांच्या हातात दिला. आयुष्यात खडूपेक्षा जड काही न उचललेला माणूस तो. पहिला घाव अंगठ्यावर बसला. लोक कौतुकानं हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. दुसरा घाव दगडावर बसला. ठक्‌. आडव्या रेघेच्या बरोब्बर मधे.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "सर! सर, काय करताय? चौदा आहेत! सम आहेत, सम!"

सरांनी टाकी-हातोडा काखेत धरला, दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग एका हाताची पाच. आणि पुन्हा वळून ठोकायला लागले.

"कारवाई होईल हो सर!" बाई रडकुंडीला आल्या. कुलगुरूंनी शेजाऱ्याला विचारलं, "हे नवीन संशोधन आहे का?" शेजाऱ्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं टाळ्या वाजवल्या, आणि बघता बघता सगळेच वाजवायला लागले. सर ठोकत होते. पाच मिनिटांचं काम त्यांना वीस मिनिटं पुरलं. रेघ वाकडी आली, वर जाडी आणि खाली बारीक. पण उभी होती. दगडावर अधिक झालं.

सरांनी हत्यारं पाथरवटाला परत दिली. अंगठ्यातून रक्त येत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. आपलं सगळं आयुष्य आपल्याच हातानं खोडलं होतं त्यांनी. दुखत होतं, अंगठ्याहून कितीतरी जास्त. मग खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत ते शेवटच्या खुर्चीपाशी गेले.

चिवट उठून उभी राहिली. सरांच्या तोंडून शब्द फुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी खिशातून तिचा अर्ज काढला, उलटा केला, खुर्चीच्या पाठीवर टेकवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. अंगठ्याचा लाल डाग उमटला कागदावर. लिहून झालं तसा तिच्यासमोर धरला.

'तुझं सातही वेळा बरोबर होतं. माझं पंधरा वेळा चुकलं.'

तिनं वाचलं. खाली बसली आणि इतक्या मोठ्यानं रडली की टाळ्या थांबल्या. तीन वर्षांचं साठलेलं होतं सगळं. सर तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि गाल धरून वाट बघत राहिले.

जरा वेळानं तिनं बाहीनं नाक पुसलं, सरांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच कागदावर खालच्या मोकळ्या जागेत, या वेळी अधिक धरून, भराभर आकडे मांडायला लागली. एकही ओळ तिनं दुसऱ्यांदा तपासली नाही. पुढे बाई कुलगुरूंना काहीतरी समजावत होत्या, पाथरवट वाकड्या रेघेतली भुकटी फडक्यानं झाडत होता, आणि कुणीतरी खुर्च्या उचलायला सुरुवात केली होती.

चिवटीनं शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या आणि कागद सरांच्या मांडीवर ठेवला.

"टिकतंय, सर," ती म्हणाली.